नव्वदाचं दान

पटावर शत्रूचा शेवटचा कुऱ्हाडवाला उरलाय आणि तुमची तिरंदाज त्याच्यापासून दोन घरं लांब उभी आहे. बाण सोडण्याआधी गेम आकडा दाखवतो : नेम लागण्याची शक्यता ९० टक्के. तुम्ही बटण दाबता. बाण कुऱ्हाडवाल्याच्या कानाजवळून निघून जातो, तो दोन पावलं पुढे सरकतो आणि कुऱ्हाड उचलतो. पुढचं सांगत नाही. ज्याला अशा खेळांचा नाद आहे त्याला सांगायची गरज नाही, आणि ज्याला नाही त्याला त्यातलं दुःख कळायचं नाही.

एवढं झाल्यावर खेळणारा हमखास म्हणतो, की गेम फसवतो. गेम फसवतो हे खरंच आहे, फक्त उलट्या बाजूने. हा खेळ ‘फायर एम्ब्लेम : थ्री हाऊसेस’ असेल तर पडद्यावर ९० दिसत असताना नेम लागण्याची खरी शक्यता ९८.१ टक्के असते. दहात एकदा चुकायला हवा तो बाण साधारण त्रेपन्नात एकदा चुकतो. मला हा गेम आवडतो तो या खोट्या आकड्यामुळे, आणि त्याच्यातलं जे काही खटकतं त्यातलंही बरंचसं तिथेच येऊन थांबतं.

आधी थोडी ओळख. ‘फायर एम्ब्लेम’ ही जपानी मालिका १९९० साली निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रावर सुरू झाली. बनवणारी मंडळी इंटेलिजंट सिस्टिम्सची. चौकटींचा पट, आळीपाळीने चाली, म्हणजे ठेवण बुद्धिबळाची. पण इथल्या प्रत्येक प्याद्याला नाव असतं, चेहरा असतो, घरची भांडणं असतात, आणि लढून लढून ते प्यादं तयार होत जातं. शिवाय मेलं की मेलं. पुढच्या लढाईत ते परत येत नाही. २०१९ च्या जुलैत निन्टेन्डोच्याच स्विच या यंत्रावर आलेल्या ‘थ्री हाऊसेस’मध्ये (यात कोएई टेक्मो या कंपनीचाही हात होता) तुम्ही एका मठातल्या लष्करी शाळेत शिक्षक असता. विद्यार्थ्यांची तीन घराणी, त्यातलं एक तुम्ही निवडायचं. अर्ध्या वाटेवर गोष्ट पाच वर्षं पुढे उडी मारते, युद्ध पेटलेलं असतं, आणि दुसऱ्या घराण्यातली जी पोरं काल जेवणघरात शेजारी बसत होती तीच समोर शस्त्र घेऊन उभी राहतात.

आता तो आकडा. लहानपणी ‘व्यापार’ खेळलेल्यांना आठवत असेल, दोन फासे टाकले की सात पुन्हापुन्हा पडतात, बारा क्वचितच. कारण साधं आहे : एकूण ३६ प्रकारांनी दोन फासे पडू शकतात, त्यातल्या सहा प्रकारांनी बेरीज सात येते आणि फक्त एका प्रकाराने बारा. दोन फाशांची बेरीज मधल्या आकड्यांकडे झुकते. ‘फायर एम्ब्लेम’ हेच करतो. ० ते ९९ मधला एकच आकडा काढून तो ९० पेक्षा लहान आहे का, असं बघितलं असतं तर ९० चा अर्थ खरोखर ९० झाला असता. मालिकेतले सुरुवातीचे गेम तसेच चालायचे. २००२ साली निन्टेन्डोच्या गेम बॉय ॲडव्हान्स या हातात मावणाऱ्या यंत्रावर आलेल्या भागापासून मात्र गेम दोन आकडे काढू लागला आणि त्यांची सरासरी बघू लागला. सरासरी मध्याकडे, पन्नाशीच्या आसपास गोळा होते. ती ९० च्या वर जायची तर दोन्ही आकडे एकदम मोठे पडायला हवेत, आणि तसं दान फार कमी वेळा पडतं.

कागद-पेन्सिल घेऊन मोजता येतं. दहा हजार जोड्यांपैकी फक्त १९० जोड्या तिरंदाजाचा नेम चुकवतात. असंच पुढे : ८० दिसत असेल तर खरे ९२.२ टक्के, ७० चे ८२.३. पन्नास जवळपास पन्नासच राहतो. त्याच्या खाली सगळं उलटं होतं. ३० चे खरे १८.३, २० चे ८.२, आणि १० चे फक्त २.१ टक्के.

या वळणदार आलेखाचा एक परिणाम मला फार देखणा वाटतो. समजा शत्रूचा नेम तुमच्यावर लागण्याची शक्यता ६० दिसते. तुम्ही तुमच्या माणसाला एक घर मागे, झाडीत नेलंत आणि आकडा ४० वर आला. पडद्यावर फरक वीस टक्क्यांचा. प्रत्यक्षात ६८.४ चे ३२.४ झाले, म्हणजे छत्तीस टक्क्यांचा. मधल्या पट्ट्यात दिसणारा एक टक्का खरा जवळजवळ दोन टक्क्यांचा असतो. म्हणून या गेममध्ये झाडी, तटबंदी, उंचवटा यांना वजन येतं. नीट विचार करून एक घर मागे सरकणाऱ्याला त्याचं फळ दिसेल एवढं मोठं मिळतं. डावपेचांच्या खेळाने याहून जास्त काय द्यायचं?

वरवर पाहता हे गणित निःपक्षपाती आहे. शत्रूलाही तेच सूत्र लागू. पण सामान्य पातळीवर खेळताना तुमच्या माणसांचे आकडे बहुतेक सत्तर-ऐंशीच्या घरात असतात आणि शत्रूचे त्याहून कमी. जो पन्नासाच्या वर तो आणखी वर जातो, जो खाली तो आणखी खाली. नियम एकच, पण माप तुमच्या पदरात पडतं. मिठाईवाला तराजू खरा ठेवून तुमच्या बाजूला बोट टेकवतो, तसं.

असं का करावं लागलं? कारण टक्के वाचणारा मेंदू गणिताचा नाही. सिड मायर हे ‘सिव्हिलायझेशन’ मालिकेमुळे नावाजलेले गेमकार. २०१० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये त्यांनी आपला अनुभव सांगितला होता. लढाईत तीनास एक असं पारडं जड असताना खेळणारा हरला की चिडतो. पण पारडं एकास तीन असं हलकं असताना तोच जिंकला, तर त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. आपण हुशारीने खेळलो असंच वाटतं. शेवटी त्यांच्या चमूने पडद्यामागचे आकडेच खेळणाऱ्याच्या समजुतीला जुळवून घेतले. ‘एक्सकॉम’ हा परग्रहवासीयांशी लढायचा गेमही सोप्या पातळ्यांवर असा गुपचूप हात देतो. लागोपाठ नेम चुकले की पुढचा नेम लागण्याची खरी शक्यता दाखवलेल्या आकड्यापेक्षा वाढवली जाते.

मानसशास्त्रज्ञ ॲमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन यांनी १९७१ साली या खोडीला ‘छोट्या संख्यांचा नियम’ असं खोचक नाव दिलं होतं. हजारो फेकींनंतर जे प्रमाण दिसायला हवं, ते आपण चार-पाच फेकींतच मागतो. १९१३ च्या ऑगस्टमध्ये माँटे कार्लोच्या जुगारघरात रूलेटचा चेंडू लागोपाठ २६ वेळा काळ्यावर पडला आणि ‘आता तरी लाल येणारच’ म्हणत लोकांनी भरमसाट पैसा घालवला, तो याच खोडीपायी. चेंडूला आधीचं काही आठवत नसतं. आठवतं ते आपल्यालाच, आणि त्यातही चुकलेले नेम जास्त. ९० टक्क्यांचे लागलेले नऊ बाण कुणी मोजत नाही.

गेम खोटं बोलतो ते असं, समोरच्याच्या समजुतीच्या मापाचं. ९० म्हणजे ‘जवळजवळ नक्की’ असं आपल्याला वाटतं, म्हणून गेम ते जवळजवळ नक्की करून टाकतो. यातून संभाव्यता शिकायला मिळते असं म्हणणाऱ्यांशी मात्र माझं जमत नाही. शेकडो तास खेळून माणूस टक्केवारीचा चुकीचा अंदाजच पक्का करून बाहेर पडतो.

एका ठिकाणी हा गेम खोटं बोलत नाही, आणि तिथेच तो सगळ्यात जास्त दुखवतो. वार लागला तर तो ‘क्रिटिकल’ ठरू शकतो, म्हणजे तिप्पट घाव. त्यासाठी एकच आकडा काढतात. तीन टक्के म्हणजे खरोखर तीन टक्के. आकडा इतका लहान, की डोळा त्याला शून्यच समजतो. पण एका लांबलचक मोहिमेत असे चाळीस वार तुमच्या माणसांना लागले, तर त्यातला निदान एक क्रिटिकल निघण्याची शक्यता ७० टक्के होते. दहा-बारा लढाया सांभाळून आणलेली मुलगी अशाच एका तीन टक्क्यांत जाते. काहींच्या मते हा गेमचा दोष. मला तसं वाटत नाही. हा धाक नसता, तर झाडीतलं ते एक घर कोणी शोधलंच नसतं. नुसतं गोष्टीसाठी खेळणाऱ्यांना ‘कॅज्युअल’ प्रकार आहे. त्यात पडलेली माणसं पुढच्या लढाईला परत येतात.

नशिबाचा दुसरा खेळ पात्रांच्या वाढीत चालतो. पातळी चढली की ताकद, चपळाई, बचाव अशा प्रत्येक गुणासाठी वेगळं दान पडतं. एखाद्याची ताकद वाढण्याची शक्यता ४० टक्के असेल तर दहा पातळ्यांत ती सरासरी चारने वाढावी. सरासरीने. प्रत्यक्षात साधारण सहातला एक जण दोन किंवा त्याहूनही कमीवर अडकतो, आणि तितकेच जण सहा किंवा त्याच्या वर जातात. त्यामुळे दोन मित्रांनी एकच घराणं निवडलं तरी त्यांची फौज सारखी निघत नाही, आणि चहाच्या टपरीवर ‘माझ्याकडे तर ती नुसती ओझं होती’ असे वाद रंगतात. याची दुसरी बाजूही आहे. सुरुवातीला दान वाईट पडलेलं पात्र शत्रू कमी मारतं, म्हणून अनुभव कमी मिळवतं, म्हणून आणखी मागे पडतं. एका फेकीचं नशीब पुढच्या सगळ्या फेकींना चिकटतं. हे मात्र मला रचनेतलं खरं कच्चेपण वाटतं.

चूक झालीच तर ‘थ्री हाऊसेस’मध्ये काळ मागे नेता येतो, एका लढाईत मोजक्याच वेळा. इथे एक मजा आहे. मागे जाऊन तीच चाल जशीच्या तशी खेळलात तर बाण पुन्हा तसाच चुकतो. संगणकाचे फासे खरे फासे नसतात. एका बीजसंख्येपासून ठरलेल्या सूत्राने एकामागोमाग एक आकडे निघतात. दिसायला बेभरवशाचे, पण ओळ आधीच ठरलेली. तुमच्या तिरंदाजाच्या वाट्याला ओळीतले वाईट आकडे आले असतील, तर आधी दुसऱ्या कोणाला तरी वार करू द्यायचा. ते आकडे त्याच्या नावावर खर्च होतात आणि तिरंदाजाला पुढचे मिळतात. गेम बॉय ॲडव्हान्सच्या काळात तर यात मुरलेले लोक एकही वार न करता आकडे खर्च करायचे : पात्राच्या वाटेचा बाण पटावर आडवातिडवा फिरवला की वाट ठरवताना गेम त्याच ओळीतले आकडे वापरून टाकायचा. महाभारतात ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाची पानं-फळं नजरेनेच मोजतो आणि नळाला फाशांचं मर्म, अक्षहृदय, देतो. मग नळ गेलेलं राज्य त्याच फाशांवर परत जिंकतो. वाटेचा बाण फिरवत बसलेल्या त्या पोरांना ऋतुपर्णाने नक्कीच जवळ बसवून घेतलं असतं.

गणिताबाहेरच्या उणिवा थोडक्यात. मठातलं जीवन पहिले काही महिने मजेचं वाटतं : विद्यार्थ्यांबरोबर जेवण, मासेमारी, हरवलेल्या वस्तू परत करणं. नंतर ते घाण्याला जुंपल्यासारखं होतं. घराणं बदलून पुन्हा खेळायचं तर पहिला अर्धा भाग बराचसा तोच, पटही तेच. मालिकेतलं तलवार-कुऱ्हाड-भाल्याचं जुनं त्रिकूट, ज्यात प्रत्येक शस्त्र एकावर भारी आणि दुसऱ्यापुढे हलकं, इथे जुन्या रूपात राहिलेलं नाही. त्यामुळे कोणाला कोणासमोर उभं करायचं हा विचार थोडा पातळ झालाय. उलट शत्रू पुढच्या डावात कोणावर धावून जाणार हे लाल रेषांनी आधीच दाखवण्याची सोय इतकी चांगली आहे, की नंतर जुने भाग खेळताना चाचपडल्यासारखं होतं.

गेम आला तेव्हा त्यात अवघड पातळी एकच होती. ‘मॅडनिंग’ ही खरी जीवघेणी पातळी सप्टेंबर २०१९ मध्ये नंतर जोडली गेली. तिथे शत्रू चपळ आणि नेमबाज. त्याच्या खात्यावर ८५ दिसतात, तुमच्या तलवारबाजाच्या खात्यावर ४५. सूत्र तेच. पण आता ८५ चे ९५.६५ होतात आणि तुमच्या ४५ चे ४१ च्याही खाली जातात. मिठाईवाल्याचं बोट तराजूवर तिथेच आहे, फक्त पारडी बदललीत. तिथे टिकून राहिलेले लोक मग एका पात्राची चपळाई, झाडी, अंगठी, जे मिळेल ते एकावर एक चढवत शत्रूचा आकडा १० पर्यंत खाली आणतात आणि त्याला एकट्याला पुलाच्या तोंडाशी उभं करतात. पंधरा जण अंगावर धावून येतात. प्रत्येकाच्या वाराची खरी शक्यता २.१ टक्के. पंधरा वारांतला एकही न लागण्याची शक्यता ७३ टक्के निघते. ती बरी की वाईट, हे पुलावर उभं कोण आहे त्यावर ठरतं.