नागपूरच्या मुरमाच्या वाटा कुठून आल्या?

हिवाळा लागला की नागपूरचे काही सायकलवाले आता हमरस्ता सोडतात. कुणी उमरेडकडे मकरधोकड्याच्या तलावाला जातं, कुणी हिंगण्यापलीकडे झिल्पीला, कुणी रामटेकच्या डोंगरामागून खिंडसीला. ज्यांच्याकडे दोन-तीन दिवस असतात ते भंडारा ओलांडून थेट नवेगावबांध गाठतात. डांबर शक्य तितकं टाळायचं, मुरूम, खडी आणि पांधण, म्हणजे शेतांमधली बंडीवाट, धरून जायचं. याला सगळे ग्रॅव्हल बाइकिंग म्हणतात. सायकलही त्यासाठी वेगळी मिळते: हँडल रेसिंग सायकलसारखं वाकडं, टायर रुंद, हवा कमी, डिस्क ब्रेक.

या नावाने हा खेळ रुजला तो अमेरिकेत. कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावाभोवतीच्या कच्च्या रस्त्यांवर २००६ मध्ये २०० मैलांची शर्यत सुरू झाली, आज ती ‘अनबाउंड’ नावाने ओळखली जाते. २०२२ मध्ये इटलीत पहिली जागतिक ग्रॅव्हल स्पर्धाही झाली. त्याच्याही कितीतरी आधी, १९५५ मध्ये, इंग्लंडात ‘रफ स्टफ फेलोशिप’ नावाची संस्था स्थापन झाली होती. कच्च्या वाटांवर सायकल नेणाऱ्यांची ती संस्था. खेळाचा इतिहास इतका सांगितला तरी पुरे. मला महत्त्वाचा वाटतो तो रस्त्यांचा इतिहास. नागपूरच्या आसपास मुरमाचं एवढं जाळं आलं कुठून? सायकलसाठी तर ते कुणीच केलेलं नाही. थोडं खोदून पाहिलं तर यातल्या बहुतेक वाटा पाण्याच्या मागे गेलेल्या दिसतात.

त्याआधी सायकलबद्दल एक गोष्ट. घरात जुनी काळी २८ इंची सायकल असेल तर तिच्या टायरची कड पुसून पाहा. तिथे २८ × १½ असं उमटलेलं सापडेल. दीड इंच म्हणजे जवळपास ३८ ते ४० मिलिमीटर. आजच्या ग्रॅव्हल बाइकला साधारण ३८ ते ४५ मिलिमीटरचेच टायर लावतात. आसनसोलच्या सेन-रॅलेच्या आणि लुधियानाच्या हीरोच्या सायकलींनी गावोगावचे गुरुजी, पोस्टमन, दूधवाले याच रुंदीच्या चाकांवरून नेले, आणि तेही याच रस्त्यांवरून. पुढे शहरात बारीक टायरच्या रेसिंग सायकली आल्या आणि त्यांना डांबर लागलं. म्हणून ग्रॅव्हल बाइक ही परदेशातून आलेली अगदी नवी गोष्ट आहे असं मी मानत नाही. गियर, ब्रेक आणि ट्यूबलेस टायर नवे आहेत. चाकाची रुंदी आपल्या ओळखीची आहे.

आता तलाव. नागपूर शहर वसवण्याचं श्रेय छिंदवाड्याजवळच्या देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याला देतात. काळ १७०२ च्या आसपासचा. त्याच्यानंतरच्या चांद सुलतानाने राजधानी इथे आणली. शहरातला जुम्मा तलाव, म्हणजे आजचा गांधीसागर, त्याच्याच नावावर आहे. फुटाळा भोसल्यांच्या काळातला, तर अंबाझरी आणि गोरेवाडा इंग्रजी अमदानीत शहराला पाणी पुरवायला बांधलेले. पण तलावांचं खरं राज्य वैनगंगेच्या खोऱ्यात आहे, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत. तिथल्या कोहळी समाजाने पिढ्यानपिढ्या तलाव बांधले. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजाने त्यांना काशीहून आणवलं अशी कथा सांगतात. कथेचं काहीही असो, काम डोळ्यांसमोर आहे. जमिनीचा उतार नुसत्या नजरेने ओळखायचा, दोन टेकड्यांमधली खिंड मातीच्या पाळीने अडवायची आणि खालच्या अंगाला धान पिकवायचं. नवेगावबांधचा प्रचंड तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं मानतात. भोवतालच्या डोंगरांना लोक सात बहिणी म्हणतात, आणि कोलू पाटलांना पुढे कोलासूर देव म्हणून पूजलं गेलं. तलाव बांधणाऱ्याला देव करणारा हा मुलूख आहे.

अशा तलावाला पाळ असते, जादाचं पाणी वाहून जायला सांडवा असतो आणि पाळीच्या पोटातून शेताकडे पाणी सोडणारं तुडूम असतं. तुडुमापर्यंत माणसाला जावं लागतं. पाटाच्या कडेने पाटकरी फिरतो, मासे धरायला ढिवर येतात, शिंगाडे काढायला डोंगा उतरवतात, गुरं पाण्यावर येतात. या सगळ्यांच्या पावलांनी आणि बंडीच्या चाकांनी पाळीवरून, पाळीच्या पायथ्याने, एका तलावाकडून दुसऱ्याकडे वाटा पडल्या. पाळीवर मुरूम टाकला जायचा तो ती टिकावी म्हणून. आज सायकलवाला ज्या वाटेवरून धान, पाणी आणि बगळे पाहत जातो, ती या कामाची वाट आहे.

इंग्रजांनी मध्य प्रांतात १८६० च्या दशकात जमीनमहसुलाची घडी बसवली तेव्हा गावोगावचे पाटील आणि इजारदार मालगुजार, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारला भरणारे मालक, झाले. तलावही त्यांच्या मालकीचे झाले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, १९५१ मध्ये त्याची अंमलबजावणी झाली आणि तलाव सरकारकडे आले. तेव्हापासून ते ‘माजी मालगुजारी’, म्हणजे मामा तलाव. पूर्व विदर्भात अशा तलावांची संख्या सात हजारांच्या घरात जाते. मालक गेला, पण निगा राखणारा नवा माणूस लगेच आला नाही. छोटे तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. गाळ साचला, बेशरम नावाची झुडपं माजली, पाळी खचल्या. याचं वाईट वाटतं, कारण तलाव आटला की त्याच्याकडे जाणारी वाटही दोन-चार वर्षांत शेताच्या धुऱ्यात मिसळून जाते.

काही वाटा टिकल्या त्यामागे कागदही आहे. विदर्भात निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे दोन जुने दस्तऐवज अजून आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्येही त्यांना जागा आहे. गावाने गुरं कुठे चारायची, लाकूड कुठून आणायचं, पाण्यावर, मासेमारीवर आणि वहिवाटीच्या रस्त्यावर कुणाचा हक्क आहे, हे त्यांत नोंदवलेलं असतं. नकाशावर नसलेली वाट त्यात सापडू शकते.

रस्त्यांचा दुसरा मोठा थर दुष्काळाने दिला. १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला. सरकारने कामं काढली तेव्हा हजारो लोकांनी गिट्टी फोडली, रस्ते बांधले, तलाव खोदले. त्यानंतर सिंचनाचा विचार गांभीर्याने सुरू झाला आणि १९१३ च्या सुमारास रामटेकजवळ खिंडसीचा जलाशय पुरा झाला. पुढे पेंचचे कालवे आले. वैनगंगेवर पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ मध्ये झालं. कालव्याला उतार फार मंद ठेवावा लागतो, पाणी हळू वाहतं राहिलं पाहिजे ना! म्हणून त्याच्या काठचा देखरेखीचा रस्ताही मैलोन्मैल जवळजवळ सपाट असतो. सायकलवाल्याला तो आवडतो यात नवल नाही. पण तो खात्याचा रस्ता आहे, तिथे जायचं तर आधी विचारावं.

मनसरच्या बाजूला मँगनीजच्या खाणी १९०० च्या सुमारास सुरू झाल्या. तिथल्या रस्त्यांचा काळसर रंग त्या खनिजाचा. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजनेने राज्यभर खडीचे रस्ते आणि पाझर तलाव केले, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मग २००० मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली. तिने गावं डांबराने जोडली, आणि ते व्हायलाच हवं होतं. पावसात आजारी माणसाला बंडीत घालून चिखलातून न्यावं लागतं तिथे कच्च्या रस्त्याचं कौतुक करणं मला पटत नाही. पण त्या योजनेचा भर प्रत्येक वस्तीला एक बारमाही रस्ता देण्यावर होता. त्यामुळे गावाचा दुसरा रस्ता, तलावावरून शेजारच्या गावाला जाणारा, बऱ्याच ठिकाणी मुरमाचाच राहिला. आज नागपूरचे मार्ग आखले जातात ते बहुतेक या दुसऱ्या रस्त्यांवर.

जंगलातल्या वाटांची गोष्ट आणखी वेगळी. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलं ठरली. कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, तोडून सागवान बाहेर काढायला रस्ते लागले, वणवा अडवायला जाळरेषा लागल्या. वन विकास महामंडळ १९७४ मध्ये स्थापन झालं, त्याचं मुख्यालय नागपुरातच आहे. मग काही जंगलांना संरक्षण मिळालं: पेंच १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि १९९९ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं, २०१२ मध्ये उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य झालं. तिथल्या वाटांवर आता वाघाचा पहिला हक्क आहे, आणि सायकलने त्यात शिरू नये. बाहेरच्या जंगलातही वाघ आहेच. मोह वेचायच्या दिवसांत पहाटे आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात सकाळी गावची माणसं जीव मुठीत धरून रानात जातात. तेव्हा शहरातून येणाऱ्याने ऊन वर आल्यावर निघावं आणि सूर्य मावळायच्या आत गावात असावं.

नागपूरचे सायकलवाले या वाटांकडे वळले ते अलीकडे. शहरात लांब पल्ल्याच्या सायकलिंगची आवड चांगली रुजलेली आहे. इथल्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली आणि पुढच्या वर्षी रशियातली ट्रान्स-सायबेरियन शर्यतही. २०० ते ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब फेऱ्या, इथे होतात, पण त्या बहुतेक महामार्गांवरच. हे महामार्ग चौपदरी झाले तशी ट्रकांची आणि गाड्यांची गती वाढली. डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या समृद्धीवर तर सायकलला परवानगीच नाही. शांत रस्ता हवा तर बाजूला वळणं आलं.

बाजूला वळताना माती ओळखावी लागते. नागपूर बरोब्बर दोन खडकांच्या शिवेवर आहे. पश्चिमेला, काटोल-कळमेश्वरकडे, काळा कातळ आणि त्याची झीज होऊन झालेली काळी कन्हार जमीन. पाऊस पडला की ती चाकाला चिकटते, ब्रेकपाशी आणि चिमट्यात ठासून बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. काडीने उकरून काढली तरी दहा पावलांवर पुन्हा तेच. पूर्वेला आणि उत्तरेला जुना, दाणेदार खडक. तिथली बरड, लालसर जमीन पाणी लवकर सोडते. म्हणून पावसानंतर आधी पूर्वेचे आणि दिवाळीनंतरच पश्चिमेचे मार्ग धरतात. धान कापणीच्या दिवसांत रस्त्यावरच धान वाळत घातलेलं असतं, तिथे उतरून कडेने सायकल ढकलत न्यायची. आणि ओल्या पाळीवर चाक घालायचंच नाही: चाकोरी पडली की पुढच्या सरीचं पाणी तिथूनच उतरतं, माती धुपते, आणि खालच्या धानाची बांधी त्या पाळीच्या भरवशावर असते. अशा वेळी पाळीखालून जाणारी वाट कोणती हे पाटकऱ्याला विचारावं, त्याला ती ठाऊक असते.