40, 26, 51, 74: परकीय गुंतवणुकीच्या टक्क्यांमागचा इतिहास

थेट परकीय गुंतवणुकीची बातमी आली की तिच्यात एक आकडा असतोच: परदेशी मालकाला कंपनीत जास्तीत जास्त किती हिस्सा घेता येईल याचा. संरक्षण उत्पादनात सरकारी मंजुरीशिवाय 74 टक्के, अनेक ब्रँड विकणाऱ्या किरकोळ दुकानांत 51 टक्के. हे आकडे सहज ठरलेले नाहीत. कंपनी कायद्यानुसार विशेष ठरावाला, म्हणजे कंपनीच्या मोठ्या निर्णयांना, तीन चतुर्थांश मते लागतात. त्यामुळे 26 टक्के शेअर हाती असलेला भागधारक असा ठराव एकटा रोखू शकतो. 51 टक्केवाला साध्या बहुमताने संचालक नेमतो. परदेशी मालकाला 74 टक्के दिले, तरी उरलेल्या 26 टक्क्यांच्या जोरावर भारतीय बाजू मोठे निर्णय अडवू शकते. भारतात परकीय भांडवलाचा वाद पैसा येऊ द्यायचा की नाही यापेक्षा कारभार कुणाच्या हाती राहील यावरच जास्त झाला, असे मला वाटते.

सुरुवातही तिथूनच झाली. 1948 च्या औद्योगिक धोरणाने म्हटले की मालकी आणि प्रत्यक्ष नियंत्रण सर्वसाधारणपणे भारतीयांकडे असावे. पुढच्याच वर्षी, 6 एप्रिल 1949 रोजी, नेहरूंनी परकीय कंपन्यांना आश्वासन दिले: दुजाभाव होणार नाही, नफा मायदेशी नेता येईल, राष्ट्रीयीकरण झालेच तर योग्य भरपाई मिळेल. पुढची पंचवीसएक वर्षे या दोन भूमिका शेजारी शेजारी नांदल्या.

मग आला ‘फेरा’, म्हणजे 1973 चा परकीय चलन नियमन कायदा. 1 जानेवारी 1974 पासून तो लागू झाला आणि 40 टक्क्यांहून जास्त परकीय भांडवल असलेल्या कंपन्यांना धंदा चालू ठेवण्यासाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी घेणे भाग पडले. निर्यात किंवा प्रगत तंत्रज्ञान असेल तर 51 किंवा 74 टक्क्यांपर्यंत सूट होती. बाकीच्यांनी 40 वर यायचे. कोका-कोलाला हिस्साही सोडायचा नव्हता आणि पेयाचे सूत्रही. 1977 मध्ये तिने गाशा गुंडाळला, पुढच्या वर्षी आयबीएमनेही.

या दोघींचे जाणे सगळ्यांच्या लक्षात राहिले, पण राहिलेल्यांची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. कोलगेटसारख्या कंपन्यांनी हिस्सा कमी करण्यासाठी शेअर जनतेला विकायला काढले. भाव कंपनीने ठरवायचा नव्हता. तो अर्थ मंत्रालयातला भांडवल निर्गम नियंत्रक मान्य करी आणि अनेकदा तो बराच कमी असे. अर्जांचा पाऊस पडे, वाटप सोडतीने होई. कित्येक पगारदार घरांत पहिले शेअर आले ते असे: कपाटातल्या फायलीत जपून ठेवलेली कागदी सर्टिफिकेटे, त्यांवर वर्षानुवर्षे मिळणारा लाभांश आणि बोनस शेअर. समभाग गुंतवणुकीची सवय मध्यमवर्गाला लावण्यात या कायद्याचा मोठा वाटा आहे. तो त्याचा हेतू नव्हता, तरीही.

1982 मध्ये जपानची सुझुकी सरकारी मारुती कंपनीत आली ती 26 टक्क्यांवर. 1992 मध्ये तिचा हिस्सा 50 टक्के झाला आणि 2002 मध्ये बहुमत तिच्याकडे गेले. त्या वेळी राइट्स इश्यूतला (आधीच्या भागधारकांना देऊ केलेल्या नव्या शेअरांवरचा) आपला हक्क सोडण्याच्या बदल्यात सरकारने नियंत्रणाची किंमत म्हणून 1,000 कोटी रुपये घेतले. कारभाराच्या किल्लीला इतका उघड भाव मिळाल्याची उदाहरणे थोडी आहेत.

दरम्यान 1991 उजाडले. 1990-91 मध्ये देशात आलेली थेट परकीय गुंतवणूक होती जेमतेम 97 दशलक्ष डॉलर, आणि चलनाच्या टंचाईमुळे सोने गहाण टाकावे लागले होते. 24 जुलैच्या औद्योगिक धोरणाने प्राधान्याच्या उद्योगांत 51 टक्क्यांपर्यंत आपोआप मंजुरी दिली. यात भारतीय भागधारकावर मात्र अन्याय झाला. हिस्सा पुन्हा 51 टक्क्यांवर नेण्यासाठी अनेक कंपन्यांनी परदेशातल्या पालक कंपनीला बाजारभावापेक्षा खूपच स्वस्तात नवे शेअर दिले. अशा वाटपाचा भाव बाजाराशी बांधणारे नियम सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, आणले 1994 मध्ये.

दाभोळचा वीज प्रकल्प, अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीचा, या टक्क्यांच्या हिशेबात बसत नाही. तिथे भांडण होते विजेच्या दराचे, राज्य वीज मंडळाने बांधून घेतलेल्या खरेदीचे आणि केंद्राच्या प्रतिहमीचे, म्हणजे राज्याने पैसे चुकवले तर केंद्राने ते देण्याच्या हमीचे. मालकीची मर्यादा कितीही चोख असली तरी करार वाईट असेल तर ती उपयोगी पडत नाही, हे महाराष्ट्राला महागात पडून कळले.

विमा क्षेत्राने मात्र ही शिडी एकेक पायरी चढली: 1999 च्या कायद्याने 26, 2015 मध्ये 49, 2021 मध्ये 74. 2015 ला आकडा वाढवताना नियंत्रण भारतीयांकडेच राहील अशी अट होती. 2021 ला ती गेली. बहुसंख्य संचालक भारतात राहणारे भारतीय असावेत, अशा अटी उरल्या.

आता पैसा परत जाण्याचे प्रमाणही मोठे आहे. 2024-25 मध्ये सुमारे 81 अब्ज डॉलर आले आणि आधीच्या गुंतवणूकदारांनी 50 अब्जांहून अधिक परत नेले. त्याच वर्षी, ऑक्टोबर 2024 मध्ये, ह्युंदाईच्या कोरियन पालक कंपनीने भारतीय कंपनीतला 17.5 टक्के हिस्सा जनतेला विकला. जवळपास 27,870 कोटी रुपये उभे राहिले आणि ते सगळे पालक कंपनीकडे गेले. परदेशी मालक आपले शेअर भारतीय घरांना विकत होता, जसे फेराच्या काळात घडले होते. या वेळी भाव ठरवायला नियंत्रक नव्हता. शेअर दिला गेला 1,960 रुपयांना, आणि पहिल्याच दिवशी तो त्याखाली बंद झाला.