मुगाची पहिली पानं

‘सह्याद्रीत नव्या वनस्पतीचा शोध’ अशी बातमी छापून आली की पाठोपाठ संजीवनी सापडल्याचे निरोप फिरू लागतात. मधुमेह, सांधेदुखी, सगळ्यांवर उतारा! त्या झाडात कोणती रसायनं आहेत हे अजून कुणी तपासलेलंही नसतं. गुराख्याला विचारा, तो म्हणेल, ‘ही तर नेहमीचीच, शेळ्या खातात.’ त्याचंच खरं. नवं असतं ते नाव, आणि आजवर नाव दिलेल्या सगळ्यांहून ही वेगळी आहे याचा पुरावा.

2012 साली मूग-उडदाच्या रानटी भावकीतल्या एका वनस्पतीला ‘व्हिग्ना सह्याद्रियाना’ असं नाव मिळालं. व्हिग्ना ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट; सह्याद्रियाना ही त्यातली एक जाती. (बातम्यांत जातीलाही सरसकट ‘प्रजाती’ म्हणतात, तो घोळ वेगळाच.) या भावकीत बहुतेकांची फुलं पिवळी आणि पान तीन दलांचं. मग वेगळेपण ओळखायचं कशावरून?

एका कुंडीत मूग पेरा, दुसरीत मटकी. दोन्हींची डाळ, म्हणजे बीजदलं, मातीच्या वर येईल. आता पहिली पानांची जोडी बघा. मुगाची पानं खोडाला थेट चिकटलेली, मटकीच्या पानांना मात्र देठ! अडझुकी, म्हणजे लाल दाण्यांचं जपानी कडधान्य, तिसऱ्याच वाटेनं जाते: तिच्याही पहिल्या पानांना देठ असतो, पण बीजदलं मातीतच राहतात. मूग-मटकीत बीजदलांखालचा खोडाचा भाग वाढतो आणि त्यांना वर उचलतो. अडझुकीत वाढतो तो वरचा भाग. एवढ्याशा फरकावरून आशियातल्या या व्हिग्नांचे तीन गट पडतात. रोपाची उंची, पानांचा आकार पाऊस-सावलीनुसार बदलतो. पहिल्या पानाचा देठ तसा बदलत नाही, म्हणून मला तो फार आवडतो.

पुरावा हाती आला की एक सुकवलेला नमुना ‘होलोटाइप’ म्हणून हर्बेरियमात, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, ठेवायचा आणि वेगळेपणाचं वर्णन प्रसिद्ध करायचं. पूर्वी ते लॅटिनमध्येच लागे, 2012 पासून इंग्रजीही चालतं. पुढे प्रजाती बदलली तरी नाव त्या नमुन्याशीच बांधलेलं राहतं. वनस्पतिशास्त्रज्ञ सांतापाव यांनी खंडाळ्याच्या नावानं ‘फॅसिओलस खंडालेन्सिस’ नोंदवली. फॅसिओलस म्हणजे राजम्याची प्रजाती. मूग-उडीद तिच्यातून व्हिग्नात गेले, पुढे खंडाळ्याचीही ‘व्हिग्ना खंडालेन्सिस’ झाली.

गंमत अशी, की होलोटाइपसाठी फुला-शेंगांचं रोप निवडतात आणि तोवर ती पहिली पानं बहुधा गळून गेलेली असतात. म्हणून शेंगा पिकल्या की पुन्हा डोंगर चढायचा, बी आणायचं, कुंडीत पेरायचं आणि आठवडाभर वाट बघायची.