यान्सन, तूवे

यान्सन, तूवे : (९ ऑगस्ट १९१४ – २७ जून २००१). फिनलंडमधील स्वीडिश भाषक चित्रकर्त्री व लेखिका. मोठ्या नाकाच्या, गोलसर, पांढऱ्या ‘मूमिन’ प्राण्यांच्या कथांमुळे त्यांचे नाव जगभर पोहोचले. परंतु त्या स्वतःला आयुष्यभर आधी चित्रकार आणि मग लेखिका मानत आल्या. त्यांचे गद्य लक्षपूर्वक वाचले, तर या दाव्यात तथ्य असल्याचे जाणवते, कारण त्यांच्या उत्तम कथांमध्ये प्रसंगाचे वर्णन थोडे असते आणि उजेड, पाणी, वारा व माणसांमधले अंतर यांची मांडणी एखाद्या चित्रासारखी नेमकी असते.

त्यांचा जन्म हेलसिंकी येथे कलावंतांच्या कुटुंबात झाला. वडील व्हिक्टर यान्सन शिल्पकार होते. मूळच्या स्वीडनच्या असलेल्या आई सिग्ने हामार्स्टेन-यान्सन पुस्तकांसाठी व नियतकालिकांसाठी चित्रे काढत. फिनलंडच्या अनेक टपाल तिकिटांचे आरेखनही त्यांनीच केले. शिल्पांना गिऱ्हाईक क्वचितच मिळे, त्यामुळे घराचा बराचसा भार आईच्या रेखाटनांवर चाले, आणि पंधराव्या वर्षापासून मुलीचाही त्याला हातभार लागू लागला. धाकट्या भावांपैकी पेर ऊलोव्ह पुढे छायाचित्रकार झाले, तर लार्स लेखक व चित्रकार. तूवे यांनी १९३० ते १९३३ या काळात स्टॉकहोममध्ये उपयोजित कलेचे, त्यानंतर हेलसिंकीच्या आतेनेउम इमारतीतील कलाशाळेत चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि १९३८ मध्ये त्या काही काळ पॅरिसमध्येही शिकल्या.

हेलसिंकीहून निघणाऱ्या ‘गार्म’ या स्वीडिश व्यंगपत्रासाठी त्यांनी १९२९ पासून १९५३ मध्ये ते बंद पडेपर्यंत काम केले. या काळात त्यांनी काढलेल्या व्यंगचित्रांची संख्या सुमारे ५०० आणि मुखपृष्ठांची सुमारे १०० भरते. १९३८ मधील एका चित्रात हिटलर हे हट्टाने रडणारे मूल आहे आणि मोठी माणसे त्याच्यापुढे केकवर केक ठेवत आहेत. बलाढ्य शेजाऱ्यांच्या कात्रीत सापडलेल्या लहानशा देशात राहून चोवीस वर्षांच्या मुलीने असे चित्र स्वतःच्या सहीने छापणे हे धाडसच होते. याच चित्रांच्या कोपऱ्यात, सहीजवळ, एक लांब नाकाचा छोटा प्राणी डोकावू लागला. त्याचा उगम त्या स्वतः असा सांगत, की पेल्लिंगे द्वीपसमूहातील उन्हाळी मुक्कामात भावाशी कांट या तत्त्ववेत्त्यावरून झालेल्या वादात हार पत्करताना त्यांनी संडासाच्या भिंतीवर सुचेल तितका कुरूप प्राणी काढला. मूमिन हे नाव त्याहून जुने. स्टॉकहोममध्ये मामाकडे राहत असताना रात्री चोरून खाऊ काढणाऱ्या भाचीला मामा भीती घालत, की फडताळाआड मूमिन दडलेला असतो आणि तो मानेवर गार श्वास सोडतो.

युद्धकाळात रंग वापरण्याची इच्छाच मरून गेली होती, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. भाऊ आघाडीवर आणि शहरावर बाँब, अशा दिवसांत लिहायला घेतलेली गोष्ट १९४५ मध्ये पहिले मूमिन-पुस्तक म्हणून प्रसिद्ध झाली. तीत महापूर आहे आणि पुढच्या वर्षीच्या पुस्तकात पृथ्वीकडे झेपावणारा धूमकेतू. बालवाङ्मयाच्या वेषातील ही युद्धाचीच पुस्तके होत. तिसऱ्या पुस्तकाने (१९४८) मोठी लोकप्रियता मिळवली. त्यात ‘तोफ्स्लान’ व ‘विफ्स्लान’ ही दोन इवलीशी पात्रे येतात, जी एकमेकांशी स्वतःच्याच भाषेत बोलतात व पेटीत एक तेजस्वी माणिक लपवून वावरतात. ही नावे तूवे आणि नाट्यदिग्दर्शिका विविका बांडलेर यांच्या नावांवरून घडली आहेत. दोघींमध्ये त्या काळी प्रेमसंबंध होता आणि फिनलंडमध्ये समलिंगी संबंध १९७१ पर्यंत गुन्हा मानला जाई; हे ध्यानात घेतले की त्या लपवलेल्या माणकाचा अर्थ फार वेगळा लागतो.

चित्रकलेचे काम या सर्व काळात सुरूच होते. पहिले एकल प्रदर्शन १९४३ मध्ये हेलसिंकीत भरले. १९४७ मध्ये त्यांनी हेलसिंकी नगरभवनातील भोजनगृहासाठी दोन मोठी भित्तिचित्रे रंगवली; त्यांतील शहरी मेजवानीच्या चित्रात नृत्य करणारी विविका आहे आणि पुढे मेजाशी सिगारेट ओढत बसलेल्या खुद्द तूवे. तेउवा येथील चर्चचे वेदीचित्र आणि हेलसिंकीतील बालरुग्णालयाच्या भिंतींवरील चित्रे हीदेखील त्यांचीच.

‘इव्हनिंग न्यूज’ या लंडनच्या दैनिकात १९५४ पासून मूमिनची चित्रपट्टी सुरू झाली आणि ती सुमारे ४० देशांतील १२० वृत्तपत्रांपर्यंत पोहोचली. पैशांची चिंता मिटली, पण दररोजच्या पट्टीने चित्रांसाठीचा वेळ गिळला. १९५९ च्या अखेरीस करार संपताच त्यांनी हे काम सोडले. लार्स यांनी ते १९७५ पर्यंत चालवले. याच दमछाकीच्या काळात त्यांना आरेखनकार तूलिक्की पिएतिल्या (१९१७–२००९) यांची सोबत लाभली. १९५७ च्या हिवाळी कादंबरीत हिवाळी झोपेतून एकटाच जागा झालेला मूमिन आणि त्याला बर्फाशी ओळख करून घ्यायला शिकवणारी शांत ‘तू-तिक्की’ आहेत. या तू-तिक्कीत तूलिक्की सहज ओळखू येतात. हेलसिंकीत दोघींची घरे पोटमाळ्यावरच्या वाटेने जोडलेली होती. कामासाठी दोन दारे आणि सोबतीसाठी एक वाट, ही रचना दोघींच्या स्वभावाविषयी पुष्कळ सांगून जाते. उन्हाळ्यासाठी त्यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यास क्लूवहारुन या खडकाळ बेटावर चारही दिशांना खिडक्या असलेली एका खोलीची झोपडी बांधली व पंचवीसहून अधिक उन्हाळे तेथे घालवले.

बालसाहित्यासाठीचा हान्स क्रिस्टियन अँडरसन पुरस्कार त्यांना १९६६ मध्ये मिळाला, पण तोवर त्यांचे लेखन मुलांच्या पुस्तकांच्या चौकटीत मावेनासे झाले होते. १९७० च्या अखेरच्या मूमिन-कादंबरीत मूमिन कुटुंब घरी नसतेच. पाऊसभरल्या नोव्हेंबरात त्यांच्या ओढीने आलेली इतर पात्रे रिकाम्या घरात वाट पाहत राहतात. त्याच वर्षी त्यांची आई वारली. त्यानंतरचे ‘सोमरबूकेन’ म्हणजे ‘उन्हाळ्याचे पुस्तक’ (१९७२) ही त्यांची सर्वांत परिपूर्ण कृती मानावी लागेल. बेटावरची म्हातारी आजी आणि लहानगी सोफिया यांचे रुसवेफुगवे, खेळ आणि देवाविषयीचे वाद इतकाच तिचा विषय. मुलीची आई वारली आहे हे सुरुवातीलाच एका वाक्यात कळते आणि मग त्याचा उच्चार होत नाही, तरी ते प्रत्येक पानाखाली वाहत राहते. ‘प्रामाणिक फसवणूक करणारी’ अशा अर्थाच्या शीर्षकाची कादंबरी (१९८२) याउलट थंड व कठोर आहे. तिच्यात सशांची चित्रे काढणारी एक प्रसिद्ध चित्रकर्त्री आणि तिच्या घरात शिरणारी तरुणी यांच्यातील झगड्यातून कीर्ती, पैसा व प्रामाणिकपणा यांची झडती घेतलेली आहे. आपल्याच मूमिन-कीर्तीकडे लेखिकेने इतके निर्दयपणे अन्यत्र पाहिलेले नाही.

त्यांची मूमिन-चित्रे तांपेरे शहराच्या संग्रहालयात आहेत. वाढत्या वयात समुद्राची भीती वाटू लागल्यावर तूवे व तूलिक्की यांनी क्लूवहारुन बेट सोडले. त्या निरोपाचे पुस्तक तूवे यांच्या मजकुरासह व तूलिक्कींच्या चित्रांसह १९९६ मध्ये निघाले. तूवे यांचे निधन हेलसिंकीत झाले. हिएतानिएमी दफनभूमीतील कुटुंबाच्या कबरीवर वडिलांनी घडवलेले शिल्प उभे आहे.