चिनी वैद्यकातील वंध्यत्व व स्त्रीरोग चिकित्सा (मुंबई)

पारंपरिक चिनी वैद्यकाच्या तत्त्वांनुसार पाळीचे विकार, गर्भधारणेतील अडचणी व रजोनिवृत्तीच्या तक्रारींवर केले जाणारे उपचार. चीनमध्ये या चिकित्सेचा मुख्य आधार वनौषधींचे काढे हा आहे. मुंबईत ती बहुतांशी अ‍ॅक्युपंक्चर (ठरावीक बिंदूंवर सुया टोचणे) आणि मोक्साचा (जळत्या वनस्पतिकांडीचा) शेक यांपुरती मर्यादित आहे, कारण चिनी औषधिपद्धती आयुषमधील मान्य पद्धतींत मोडत नाही.

‘ह्वांगदी नेजिंग’ या ग्रंथात (संकलन इ. स. पू. सु. दुसरे–पहिले शतक; कालनिश्चिती विवाद्य) स्त्रीचे आयुष्य सात-सात वर्षांच्या टप्प्यांत मांडले आहे. चौदाव्या वर्षी रेन मार्ग (शरीराच्या पुढील मध्यरेषेवरचा ऊर्जामार्ग) खुला होतो, छोंग मार्ग (रक्ताशी निगडित ऊर्जामार्ग) भरतो व पाळी सुरू होते. एकोणपन्नासाव्या वर्षी रेन मार्ग रिता होऊन ती थांबते. स्वतंत्र स्त्रीरोगग्रंथांत छन त्झमिंग याचा १२३७ चा ग्रंथ महत्त्वाचा ठरतो. फू छिंगजू (सतरावे शतक) याच्या नावावरील प्रसिद्ध ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळाने छापला गेला. त्यामुळे तो त्यानेच लिहिला, हे निर्विवाद मानता येत नाही.

अ‍ॅक्युपंक्चरच्या भारतातील आगमनाविषयी मतभेद आहेत. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी ही विद्या भारतात आणली, अशी समजूत महाराष्ट्रात रूढ आहे. कोटणीस परळच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. मात्र तेथे त्यांनी मुख्यतः शस्त्रक्रियेचे काम केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्याच पथकातील डॉ. विजयकुमार बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात ते रुजवले. आगमनाचे श्रेय बसूंकडे देणे अधिक सयुक्तिक होय. कोटणीसांचे नाव जोडले गेले ते दोन्ही देशांत त्यांच्याविषयी असलेल्या आदरामुळे. परळच्याच केईएम रुग्णालयात १९८६ मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या पथकाच्या प्रयत्नांतून आयव्हीएफ (शरीराबाहेर फलन) पद्धतीने बालक जन्मले. मुंबईत वंध्यत्वासाठी सुया लावून घेणाऱ्या अनेक स्त्रिया आज आयव्हीएफचेही उपचार घेत असतात.

उपचार पाळीच्या तारखेवर बेतले जातात. पाळीच्या दिवसांत रक्त मोकळे वाहू देणे, त्यानंतर यिनचे (शीतल, पोषक अंशाचे) पोषण, स्त्रीबीज सुटण्याच्या सुमारास ‘ची’ला (प्राणशक्तीला) गती आणि उत्तरार्धात यांगला (उष्ण अंशाला) ऊब, असा क्रम असतो. पाळी अनियमित असेल तर दिवस मोजून हा क्रम लावता येत नाही; सोनोग्राफीतील बीजाची वाढ पाहावी लागते. सुई टोचण्याच्या बिंदूंची मापे ‘त्सुन’मध्ये असतात. चार बोटांची रुंदी म्हणजे तीन त्सुन; बोटे रुग्णेचीच धरावीत. उपचारकाने स्वतःच्या बोटांनी मोजल्यास बिंदू सरकतो. एसपी ६ (प्लीहामार्गावरील सहावा बिंदू) घोट्याच्या आतील टोकापासून तीन त्सुन वर, नडगीच्या हाडामागे. रेन ४ बेंबीखाली तीन त्सुन. झगोंग हा बिंदू बेंबीखाली चार त्सुन व मध्यरेषेपासून तीन त्सुन बाजूला. सुई सामान्यतः ०.२५ मिमी जाडीची व २५ ते ४० मिमी लांबीची असते आणि २० ते ३० मिनिटे ठेवतात. ओटीपोटावर सुई लावण्यापूर्वी लघवी करून येणे आवश्यक, कारण भरलेल्या मूत्राशयाला इजा होऊ शकते. चतुर्थी किंवा नवरात्राच्या कडकडीत उपवासात सुया लावू नयेत, घेरी येते. आली तर सर्व सुया काढून, पाय उंच करून निजवावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास ते आधी सांगणे अगत्याचे.

एलआय ४ (मोठ्या आतड्याच्या मार्गावरील, हातावरचा चौथा बिंदू) व एसपी ६ हे बिंदू गर्भारपणात परंपरेने वर्ज्य आहेत. तरीही पाउलुस व सहकाऱ्यांच्या २००२ च्या जर्मन अभ्यासात भ्रूणरोपणानंतर (आयव्हीएफमधील भ्रूण गर्भाशयात सोडल्यावर) लगेच हेच बिंदू वापरले होते. भ्रूण त्या वेळी गर्भाशयात रुजलेला नसतो, असे त्याचे समर्थन केले जाते. सावध उपचारक मात्र रोपणानंतर ते टाळतात आणि ते योग्यच आहे. त्या अभ्यासात १६० स्त्रियांपैकी सुया लावलेल्या गटात ४२.५ टक्के, तर दुसऱ्या गटात २६.३ टक्के गर्भधारणा नोंदली गेली. पण तुलनेसाठी बनावट सुयांचा गट नव्हता. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील ८०० हून अधिक स्त्रियांच्या २०१८ च्या चाचणीत तो होता. तेथे जिवंत अपत्यजन्माचे प्रमाण खऱ्या व बनावट सुयांच्या गटांत अनुक्रमे १८.३ व १७.८ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच निघाले. पीसीओएसच्या (बीजांडकोशांच्या एका संप्रेरकविकाराच्या) २०१७ मधील मोठ्या चिनी चाचणीत क्लोमिफेन या स्त्रीबीज सुटण्यास मदत करणाऱ्या औषधाचा लाभ दिसला, सुयांचा दिसला नाही. बंद बीजवाहिन्या सुयांनी उघडतात असे मानण्यास आधार नाही. म्हणून एचएसजी (बीजवाहिन्या मोकळ्या आहेत का हे पाहणारी क्ष-किरण तपासणी) आणि पतीची वीर्यतपासणी आधी व्हावी. पस्तिशीनंतर केवळ सुयांवर महिने घालवू नयेत.

मोक्सा म्हणजे वाळवलेल्या चिनी दवण्याचा कापसासारखा चुरा. त्याची कांडी त्वचेपासून दोन-तीन सेंमी अंतरावर धरतात. लाली येताच थांबावे, नाहीतर फोड येतो. पावसाळ्यात तो ओल धरतो व नीट जळत नाही, म्हणून हवाबंद डब्यात ठेवावा. बंद खोलीत धूर कोंडतो, म्हणून बिनधुराच्या कांड्याही वापरतात.

केंद्र शासनाच्या २००३ च्या आदेशाने अ‍ॅक्युपंक्चरला उपचारप्रकार म्हणून वाव मिळाला. २०१९ मध्ये त्याला स्वतंत्र पद्धती म्हणून मान्यता मिळाली. महाराष्ट्रात २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यानुसार उपचारकाची नोंदणी तपासता येते. सुया एकदाच वापरून, २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पांढऱ्या अर्धपारदर्शक, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात टाकाव्या लागतात.