पंचमीचा झोका आणि पोलादी कडं

नागपंचमीला मराठवाड्यात गावोगावी लिंबाच्या फांदीला झोके बांधतात. उभ्याने झोका चढवणारी पोरगी टोकाला गेली की खाली बसते आणि तळाशी येताना ताठ उभी राहते. झोका आणखी वर जातो. वजन कधी, कुठं न्यायचं हे तिच्या अंगाला कळलेलं असतं. एरियल हूप शिकवताना मी तिथूनच सुरुवात करते.

एरियल हूप म्हणजे वरून टांगलेलं, साधारण मीटरभर व्यासाचं पोलादी कडं. झोक्याला पाट असतो. इथं बसायला अंगठ्याएवढी जाड नळी. पहिल्या दिवशी तक्रार ठरलेली: "मॅडम, रिंगच पाडायली मला!" रिंग काही करत नसते. टांगलेली वस्तू आपला गुरुत्वमध्य टांगणीच्या बरोबर खाली येईपर्यंत हलत राहते. ताठ उभ्या माणसाचा हा मध्य बेंबीच्या थोडा खाली असतो, पण पाय लांब केला किंवा पाठ झुकवली की तोही सरकतो. म्हणून मी आधी काहीच "करायला" सांगत नाही. कड्यात बस, दोन्ही बाजू धर, एक पाय हळूच पुढे कर आणि कडं कुठं जातं ते बघ. आता खांदे मागे ने. कडं पुन्हा सरकलं ना? पाच-दहा मिनिटांत तिला उमगतं की कडं तिच्याच हालचालीला उत्तर देतंय. तिथं निम्मी भीती जाते.

मग लोंबकळणं. दिसायला सगळ्यात सोपं, आणि मी सर्वांत जास्त वेळ यालाच देते. खांद्याचा सांधा उथळ पळीत ठेवलेल्या मोठ्या लिंबासारखा असतो. हात चहूकडे फिरतो तो त्यामुळेच, आणि सांधा नाजूकही त्यामुळेच. खांदे कानापर्यंत चढवून नुसतं लटकलं तर बराचसा भार सांध्याभोवतीच्या अस्थिबंधांवर येतो. हात सरळ ठेवून पाठीवरची फावड्यासारखी हाडं खाली ओढली, मान लांब केली, की पाठीचे रुंद स्नायू भार उचलतात. "अगं, दंडाने नको ओढू, पाठीने धर." हे जमल्याशिवाय पाय वर न्यायचे नाहीत, मग पोरगी कितीही दणकट असो. स्नायूंची ताकद काही आठवड्यांत वाढते. त्यांना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांना रक्तपुरवठा कमी, त्यांना महिने लागतात. उत्साही मुलींची कोपरं आणि मनगटं दुखतात ती बहुतेक याच अंतरामुळे.

गुडघ्यांवर उलटं लटकताना कडं लवणीत घट्ट बसवून टाचा बुडाकडे ओढायच्या. तिथली त्वचा सुरुवातीला सोलल्यासारखी दुखते, काही दिवसांत सरावते. मुंग्या आल्या तर मात्र लगेच उतरायचं, कारण लवणीतूनच पायाच्या नसा आणि रक्तवाहिन्या जातात.

टांगणीबद्दल मी फार हट्टी आहे. उभ्या रेषेपासून 60 अंशांवरून सुटलेला झोका तळाशी येतो तेव्हा दोरीवर अंगाच्या वजनाच्या दुप्पट ताण असतो. म्हणजे 50 किलोच्या मुलीसाठी 100 किलो, आणि हा साधा झोका. झटक्याने पडून थांबलं तर ताण याहूनही वाढू शकतो. माळवदाच्या तुळईला पाळणा टांगतात म्हणून हूपही टांगता येईल असं समजू नका. पत्र्याच्या शेडचा पाइप तर नकोच. ती टांगणी जाणकार अभियंत्याने तपासलेलीच हवी, आणि खाली जाड गादी.

आमच्याकडचा उन्हाळाही शिकवण्यात लुडबुड करतो. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तळहात घामाने निसटतात. मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड घाम शोषून घेते, पकड टिकते. तरी मी तेव्हा सकाळी लवकरच वर्ग घेते.

गिरकी सगळ्यांत शेवटी. हातपाय पसरलेले असताना कडं संथ फिरतं. अंग आवळलं की वेग वाढतो, कारण वस्तुमान अक्षाजवळ येतं. नवख्या मुली नेमक्या घाबरून अंग आवळतात आणि आणखी जोरात फिरतात! म्हणून पहिला धडा पाय पसरण्याचा. थांबल्यावरही कानाच्या आतल्या नळ्यांमधला द्रव क्षणभर वाहतच असतो, खोली फिरल्यासारखी वाटते. तेवढा वेळ कड्यातच बसून राहायचं, नजर एका खिळ्यावर ठेवायची, आणि खोली जागेवर आली की एकेक पाय गादीवर टेकवायचा.