मधला मेंदू आधीपासूनच चालू असतो

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी नेरुळच्या एका मैदानावर आठ वर्षांखालच्या मुलांची फुटबॉल मॅच बघत उभा होतो. माझा भाचा गोलकीपर. मॅच ऐन रंगात आलेली आणि हा पठ्ठ्या मैदानाकडे पाठ करून नेटवर बसलेला चतुर पकडतोय. पाऊस सरताना नवी मुंबईत चतुरांचे थवे उडतात, त्यातलाच एक. बॉल दोन पायांमधून आत गेला तेव्हा तो चतुराला “हलू नकोस हं” असं सांगत होता.

कडेला एकच गलका. “अरे समोर बघ ना!” ताई कपाळाला हात लावून म्हणाली, “याचं लक्षच नसतं कशात.” शेजारच्या एका बाबांनी तिच्या हातात गेटवर वाटलेलं एक पत्रक दिलं. मिडब्रेन ॲक्टिव्हेशनचे वर्ग, म्हणजे मुलाचा मध्यमेंदू ‘चालू’ करून देण्याचा दावा, आणि वर एकाग्रतेची हमी.

या वर्गांत मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून रंग ओळखायला आणि पुस्तक वाचायला लावतात. नाकाच्या दोन्ही बाजूंना फट उरते, तिथून खालचं दिसतं. फट नीट बुजवली की वाचन बंद. पालकांच्या खिशापलीकडे तिथे काहीही ‘ॲक्टिव्हेट’ होत नाही. गंमत अशी की चतुरामागे लागलेल्या त्या पोराचा मध्यमेंदू बहुधा त्याच क्षणी जोरात चालू होता. खेळण्याच्या ऊर्मीचा एक महत्त्वाचा पत्ता मध्यमेंदूतच सापडलाय.

ही गोष्ट उंदरांपासून सुरू होते. याक पँकसेप हे मूळचे एस्टोनियाचे, अमेरिकेत काम केलेले शास्त्रज्ञ. पिल्लं खेळताना काही बोलतात का, हे त्यांना ऐकायचं होतं. आपले कान २० किलोहर्ट्झच्या वर बहिरे, म्हणून १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांच्या गटाने वटवाघळांचे आवाज टिपतात तसली यंत्रं लावली. खेळणारी पिल्लं ५० किलोहर्ट्झच्या आसपास अखंड किलबिलत होती. मग त्यांनी पिल्लांना बोटांनी गुदगुल्या केल्या, तर किलबिलाट आणखी वाढला. हात बाजूला घेतला तर पिल्लं हातामागे धावली! घाबरलेल्या उंदराचा आवाज वेगळा, २२ किलोहर्ट्झच्या आसपासचा.

ही मस्ती म्हणजे मारामारी नव्हे. खेळात एक पिल्लू दुसऱ्याच्या मानेला नाक लावायला बघतं, खऱ्या भांडणात चावा पाठीच्या मागच्या भागाला. शिवाय खेळात पाळी बदलते, आत्ता खाली पडलेलं पिल्लू थोड्या वेळाने वर असतं. मैदानावर दोन पोरं एकमेकांवर लोळताना दिसली की शिट्टी फुंकण्याआधी एवढं बघावं: पाळी बदलते आहे का?

आता माझा आवडता भाग, जरा दमाने घ्या. जन्मल्यावर लगेच मेंदूचं बाहेरचं आवरण, म्हणजे कॉर्टेक्स, काढून टाकलेली पिल्लंसुद्धा मोठी होताना खेळतात. म्हणजे खेळण्याची ऊर्मी खाली कुठेतरी, जुन्या मेंदूत आहे. पण कुठे? मध्यमेंदूतून एक बारीक नाळ जाते, तिच्यातून मेंदूतला द्रव वाहतो. नाळेभोवती करड्या पेशींचं जाड वेष्टन असतं, त्याला पेरिॲक्वेडक्टल ग्रे म्हणतात. पेन्सिलीतलं शिसं म्हणजे नाळ आणि भोवतीचं लाकूड म्हणजे हे वेष्टन. लाकडाच्या उभ्या फाका पाडाव्यात तसे याचे स्तंभ असतात. धोका दिसल्यावर पळणं, जागच्या जागी थिजणं, ओरडणं, यांचा कारभार याच वेष्टनातून चालतो. बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात मिखाएल ब्रेश्ट यांच्या गटाने २०२३ मध्ये इथे इलेक्ट्रोड घालून उंदरांना गुदगुल्या केल्या, त्यांच्याशी हाताने पकडापकडी खेळली. बाजूच्या, म्हणजे लॅटरल स्तंभातल्या पेशी दोन्ही वेळा तडतडल्या. त्या पेशी औषधाने तात्पुरत्या गप्प केल्यावर किलबिलाट घटला, खेळही घटला. (याच गटाने २०१९ मध्ये उंदरांना चक्क लपाछपी शिकवली होती. बक्षीस खाऊचं नव्हतं, गुदगुल्यांचं. सापडलेले उंदीर कधी कधी पळून पुन्हा लपायचे, डाव लांबवायला.)

आणि २०२३च्या त्या प्रयोगातला हा तुकडा प्रत्येक पालकाने वाचावा असा. तोच उंदीर उंच चौथऱ्यावर, प्रखर दिव्याखाली ठेवला आणि तशाच गुदगुल्या केल्या, तर किलबिलाट मावळला आणि त्या पेशीही मंदावल्या. स्पर्श तोच, खेळ मात्र गायब. पँकसेप यांचा जुना प्रयोग याहून बोलका आहे. पिल्लं खेळायची त्या पेटीत त्यांनी मांजराच्या केसांचा एक छोटा पुंजका ठेवला. या पिल्लांनी जन्मात मांजर पाहिलं नव्हतं. तरी खेळ तत्काळ थांबला. पुंजका काढून टाकला, तरी पुढचे काही दिवस खेळ पूर्वीइतका झालाच नाही.

रात्री जेवताना हे सांगितलं तर ताई म्हणाली, “म्हणजे मी मांजराचा केस?”

तिच्या रागात तथ्य आहे. उंदराचं पिल्लू म्हणजे नेरुळचा मुलगा नव्हे, आणि आईची हाक म्हणजे शिकारी प्राण्याचा वास नव्हे. आठ वर्षांच्या मुलाकडे नियम कळणारा, जिंकायची हौस असलेला मोठा कॉर्टेक्सही असतो. फक्त त्यातला पुढचा, आवर घालणारा भाग पंचविशीपर्यंत पिकत राहतो. त्याला वेळ लागणारच. लहान मुलं मोहोळासारखी बॉलभोवती गोळा होतात, त्यामागेही बरंचसं हेच. आणि चतुर पकडताना त्या पोराचं लक्ष कुठेच नव्हतं, असं तरी कसं म्हणायचं? बॉल पलीकडच्या टोकाला असताना कीपरपुढे बघायला दुसरं होतं काय?

आणखी एक. एकेकटी ठेवलेली पिल्लं सोबत्याला भेटली की नेहमीपेक्षा जास्त मस्ती करतात, जणू थकलेला हप्ता वसूल करतात. आठवडाभर शाळा, शिकवणी आणि लिफ्टमधून वर जाऊन बंद दार, अशा मुलाला रविवारी सकाळी रांगेत उभं केलं तर दुसरं काय होणार?

त्या मैदानावरचे सर हे उंदीर न वाचताच जाणून असावेत. मध्यंतरात त्यांनी पालकांना दोरी बांधून वीस पावलं मागे सरकवलं. चार-चार जणांचे छोटे संघ पाडले, म्हणजे बॉल प्रत्येकाच्या पायाशी वारंवार येणार आणि चतुराला वेळच उरणार नाही. कीपर दर पाच मिनिटांनी बदलायचा. पोरं फारच उधळली तेव्हा रागावण्याऐवजी पाच मिनिटं विषामृत. “विष” म्हटलं की थिजायचं, सोबत्याने शिवून “अमृत” म्हणेपर्यंत हलायचं नाही. आवर घालण्याचा सराव म्हणून याहून स्वस्त साधन मला माहीत नाही.

एकाच बाबतीत सर कडक होते. गोलपोस्टला लोंबकळायचं नाही. जमिनीत न रोवलेला सरकता पोस्ट उलटून मुलं दगावल्याच्या घटना जगभर घडल्यात, तिथे खेळकरपणाचं कौतुक नको.

दुसऱ्या हाफमधल्या कीपरने नेमका तिकडेच हात घातला. सर लांबूनच ओरडले, “विष!” पोरगं हात वर धरून जागच्या जागी थिजलं. तेवढ्यात आलेला बॉल त्याच्या गुडघ्यावर आपटला आणि बाहेर गेला.